ऱ कुठल्या बटणावर आहे, आणि दिल्लीतल्या एका खात्याची गोष्ट

मागच्या आठवड्यात भाचीला मराठी टायपिंग शिकवत होते. ती फोनवर रोमन अक्षरं टाकून मराठी उमटवणारी आणि मी पहिल्यापासून इन्स्क्रिप्टवाली, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीवाली. तिने विचारलं, मावशी 'दुसऱ्या' मधला तो ऱ कुठेय, मी म्हटलं जिथे र आहे तिथेच, शिफ्ट दाब. मग तिने ळ विचारला, तो ल च्या बटणावर शिफ्ट दाबून. श विचारला, तो स वर शिफ्ट. ख हा क वर शिफ्ट. दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं की यात काहीतरी पद्धत आहे, स्वर सगळे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि मग तिने तो प्रश्न विचारला ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले, की हे ठरवलं कुणी?

ठरवलं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने, १९८६ साली. हे सांगितल्यावर तिला पटेना. तिच्या डोक्यात सरकारी खातं म्हणजे अर्ज, शिक्का, रांग. आणि खरं सांगायचं तर हेच खातं अनेक वर्षं तसंच होतं, अर्ज आणि शिक्क्याचं. एकाच खात्याची ही दोन रूपं आहेत आणि त्यातलं कुठलं देशाच्या उपयोगी पडलं याबद्दल माझं एक मत आहे, ते सांगते, पण आधी गोष्ट.

गोष्ट सुरू होते १९६२ च्या चीन युद्धापासून. त्या युद्धात लक्षात आलं की रेडिओ, रडार, दळणवळणाची साधनं यात आपण किती मागे आहोत, आणि बाहेरून कुणी वेळेवर देईलच याची खात्री नाही. १९६३ साली सरकारने होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली, त्यात विक्रम साराभाई होते, भगवंतम होते, ए. एस. राव होते. समितीचा अहवाल आला १९६६ साली, आणि त्याच वर्षी २४ जानेवारीला भाभा माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले. अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की इलेक्ट्रॉनिक्स हा पुढच्या काळातला पायाचा उद्योग आहे, यात देशाने स्वतःच्या पायावर उभं राहायला पाहिजे, आणि परदेशी मालाची जुळणी करत बसण्यापेक्षा सुटे भाग इथे बनले पाहिजेत. मग ओढाताण सुरू झाली की हे पुढे कोण नेणार. संरक्षण उत्पादनवाल्यांकडे बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बीईएल होती, अणुऊर्जावाल्यांनी १९६७ साली हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी काढलेली, दोघांची माणसं हुशार, दोघांनाही वाटायचं की सूत्रं आपल्याकडे असावीत. शेवटी १९७० च्या जूनमध्ये वेगळं इलेक्ट्रॉनिक्स खातं निघालं, १९७१ साली त्याच्यावर इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला, आणि दोन्हीच्या प्रमुखपदी आले टीआयएफआरचे संचालक एम. जी. के. मेनन. म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातल्या मूलभूत संशोधन संस्थेतला भौतिकशास्त्रज्ञ दिल्लीत एका उद्योगाचं धोरण ठरवायला बसला. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. ज्या संस्थेत १९६० साली टीफ्रॅक हा आपल्याकडे बनवलेला कंप्युटर चालू झाला होता, तिथली माणसं आता देशात किती कंप्युटर यावेत हे ठरवणार होती.

आणि खरंच ठरवत होती. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली कारखाना काढायला लायसन्स लागायचं, किती उत्पादन करणार तेही त्या लायसन्सवर लिहिलेलं असायचं, इलेक्ट्रॉनिक्सचा अर्ज असला की या खात्याचं मत घेतलं जायचं. कंप्युटर बाहेरून आणायचा असेल तर अर्ज थेट इथेच. मग खातं विचारणार की हा कशाला हवाय, देशात बनतो का, ईसीआयएल देऊ शकते का, नसेल तर नेमकं कुठलं मॉडेल, परकीय चलन किती लागणार. एखाद्या संस्थेला मशिन हवं असेल तर अर्ज केल्यापासून मशिन येईपर्यंत वर्षं जायची, तोपर्यंत ते मॉडेल जुनं झालेलं. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसला एक कंप्युटर आयात करायला दिल्लीच्या किती चकरा माराव्या लागल्या हे नारायण मूर्तींनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितलंय.

पण मला त्या माणसांना आजच्या चष्म्यातून झोडपायचं नाहीये. परकीय चलन खरोखर नव्हतं. तेल महाग झालं होतं, धान्य आयात करावं लागत होतं, त्यात एकेका कंप्युटरला लाखो रुपयांचे डॉलर. आणि कंप्युटर म्हणजे नोकऱ्या जाणार ही भीती लोकांच्या मनात खोल होती, १९६० च्या दशकात कलकत्त्यात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी कंप्युटर बसवू नये म्हणून मोठं आंदोलन केलं होतं, सरकारला ऑटोमेशनवर समिती नेमावी लागली आणि तिचे अध्यक्ष होते आपल्या पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. त्यांचा अहवाल १९७२ चा. म्हणजे ज्या काळात खातं उभं राहत होतं त्या काळात कंप्युटर आणू द्या म्हणणाऱ्यांपेक्षा थांबवा म्हणणारे जास्त होते, हे विसरून त्या काळाबद्दल बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यातही एक फट त्यांनी शोधली. १९७२ साली खात्याने योजना काढली की कंप्युटर आयात करा, पण त्या बदल्यात ठराविक वर्षांत सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन कमवून द्या. टीसीएसने १९७४ साली याच वाटेने बरोज कंपनीचं मशिन आणलं आणि निर्यात सुरू केली. १९७३ साली मुंबईत अंधेरीला सीप्झ हे खास क्षेत्र उभं राहिलं, फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. त्यावेळी कुणी असं म्हटलं नसेल की सॉफ्टवेअर हा देशाचा मोठा उद्योग होईल, तो विचार चलन वाचवण्याचा होता. तरी बी पडलं ते इथे.

आता आयबीएम, ती अमेरिकन कंप्युटर कंपनी. लोकांना आठवतं ते असं की जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि त्यांनी आयबीएम आणि कोका कोलाला हाकललं. हे अर्धंच खरं आहे. १९७३ च्या फेरा म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना इथल्या कंपनीतला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायला सांगितलं होतं, आणि इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचं आयबीएमशी भांडण त्याच्याही आधीचं, फर्नांडिस यायच्या कितीतरी आधीचं. भांडणाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आयबीएम १९५१ पासून भारतात होती, आणि जे मॉडेल बाहेर जुनं झालं, उदाहरणार्थ १९५९ साली बाजारात आलेलं १४०१, ते इथे आणून मुंबईत डागडुजी करून भाड्याने द्यायची. मशिनची मालकी कंपनीची, भाडं चालूच, आणि नवीन तंत्रज्ञान आपल्यापर्यंत पोचायचंच नाही. आयोगातल्या शास्त्रज्ञांना हे सलत होतं आणि बरोबर सलत होतं. ब्रिटनची कंप्युटर कंपनी आयसीएल हिस्सा कमी करायला तयार झाली, आयबीएमने शंभर टक्के मालकी सोडणार नाही म्हणून सांगितलं, आणि १९७८ साली कंपनी देशातून गेली.

मग देशातली आयबीएमची मशिनं चालू कोण ठेवणार? त्यासाठी खात्याने आधीच, १९७५ साली, कंप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन म्हणजे सीएमसी काढून ठेवली होती. आयबीएममधली बरीच माणसं तिकडे गेली. या सीएमसीबद्दल हल्ली फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्याची मशिनं दुरुस्त करायला काढलेली सरकारी कंपनी, पण मशिन कुठल्याही कंपनीचं असो ते उघडून समजून घ्यायचं, वेगवेगळ्या मशिनांना एकमेकांशी बोलायला लावायचं, हे तिथल्या इंजिनियर लोकांना इतकं जमायला लागलं की १९८० च्या दशकाच्या मध्यात रेल्वेचं रिझर्व्हेशन कंप्युटरवर आणायचं काम त्यांनी केलं, सुरुवात दिल्लीत. ज्यांनी त्याआधीची रिझर्व्हेशनची रांग पाहिली आहे, वेगळ्या गाडीला वेगळी खिडकी, जाड रजिस्टर, त्यांना मी काही सांगायची गरज नाही. जी संघटित भीती होती की कंप्युटर माणसाच्या पोटावर पाय देणार, ती ओसरण्यात या एका खिडकीचा फार मोठा वाटा आहे असं मला वाटतं, कारण पहिल्यांदाच सामान्य माणसाला कंप्युटरचा फायदा स्वतःच्या हातात, तिकिटाच्या रूपात दिसला.

दुसरीकडे ईसीआयएलला मोकळं रान दिलं होतं. टीडीसी-१२ हा त्यांचा कंप्युटर १९६९ सालचा, त्या काळाच्या मानाने अभिमान वाटावा असं काम. पण नंतरची वर्षं खाजगी कंपन्यांना कंप्युटर बनवायला बराच काळ दारं बंद, परवानगी देणारं खातं आणि सरकारी कंपनी एकाच मांडवाखाली, मग जो न्याय करणार तोच पोराचा बाप. यात माणसं वाईट नसली तरी निकाल वाईट लागतो. जग मायक्रोप्रोसेसरवर पोचलं तेव्हा आपण अजून कुणाला किती मशिनं बनवू द्यायची याची गणितं मांडत होतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी दारं किलकिली झाली आणि एचसीएल, डीसीएम, विप्रो अशा कंपन्या आत आल्या, तेव्हा दिसलं की दार उघडलं तर माणसं तयारच होती. टीव्ही, रेडिओमध्येही तेच, लायसन्सं इतक्या छोट्या छोट्या कारखान्यांना वाटली की कुणाचंच उत्पादन इतकं मोठं होईना की सुटे भाग स्वस्त पडतील. भाभा समितीने ज्या सुट्या भागांसाठी एवढा आग्रह धरला होता तिथेच आपण अडकलो.

१९८४ मध्ये फरक पडला. ३१ ऑक्टोबरला राजीव गांधी पंतप्रधान झाले आणि नोव्हेंबरमध्येच नवं कंप्युटर धोरण जाहीर झालं. एवढ्या लवकर धोरण येत नसतं, ते खात्यात आधीच तयार होत होतं, एन. शेषगिरी हे त्यातलं मोठं नाव, सरकारी खात्यांची कंप्युटरची कामं बघणाऱ्या एनआयसीच्या १९७६ च्या उभारणीतलंही तेच. आयातीवरचा कर कमी, परवानग्या सोप्या, सॉफ्टवेअरला उद्योग म्हणून मान्यता. १९८६ ला खास सॉफ्टवेअरचं धोरण आलं. म्हणजे जे खातं विचारत होतं की तुला कंप्युटर कशाला हवा, तेच आता म्हणत होतं की घे बाबा. माणसं बरीचशी तीच होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसं बदलली म्हणून खातं बदललं असं नाही, त्यांच्याकडून मागितलेलं काम बदललं.

आणि मग आलं ते ज्याच्याशी माझा स्वतःचा संबंध आला. १९९० मध्ये एन. विठ्ठल खात्याचे सचिव झाले. त्याच वर्षी पुणे, बंगलोर आणि भुवनेश्वर अशा तीन ठिकाणी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले आणि १९९१ साली सगळ्यांची मिळून एसटीपीआय ही संस्था झाली. पार्क म्हटल्यावर इमारत डोळ्यासमोर येते पण मुख्य गोष्ट होती ती सॅटेलाइटची. खात्याने स्वतः अर्थ स्टेशन, म्हणजे सॅटेलाइटशी बोलणारं जमिनीवरचं केंद्र, बसवलं आणि छोट्या कंपन्यांना त्यातून ६४ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट नेणारी, लाइन भाड्याने दिली. आज आकडा ऐकून भाचीला कळलंच नाही की हा आकडा कशाचा आहे. पण टेलिफोनची लाइन मिळायला वर्षानुवर्षं लागायची त्या देशात वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीला अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाच्या मशिनवर थेट काम करता येणं म्हणजे काय होतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या मोठ्या कंपनीने बंगलोरला १९८० च्या दशकात स्वतःची सॅटेलाइट लिंक मिळवली होती, पण ते मोठ्यांचं झालं. लहानांनी काय करायचं, तर खात्याने डिश बसवली आणि म्हणालं वापरा.

मी १९९६ साली पुण्यात अशाच एका लहान कंपनीत लागले. गच्चीवर एसटीपीआयच्या केंद्राशी जोडणारी मायक्रोवेव्हची अँटेना होती, पावसाळ्यात जोराचं वादळ झालं की पहिल्यांदा सगळे वर बघायचे. ऑफिस बाँडेड होतं, म्हणजे ड्यूटी न भरता आणलेलं एकेक मशिन कस्टमच्या रजिस्टरमध्ये, एक मॉनिटर दुसऱ्या मजल्यावर न्यायचा तरी नोंद. महिन्याच्या शेवटी सॉफ्टेक्सचे फॉर्म, बाहेर पाठवलेल्या सॉफ्टवेअरची किंमत लिहून एसटीपीआयकडून सही करून आणायची, हे काम माझ्याकडे आलं होतं. म्हणजे कागद होतेच. पण फरक असा की पूर्वी कागद आधी आणि काम नंतर, इथे काम चालू आणि कागद त्याच्या मागून. आणि तिथल्या इंजिनियरला रात्री फोन केला की लिंक पडलीय तर तो उठून बघायचा. सरकारी माणूस रात्री अकराला उठून माझी लिंक बघतोय हे मी घरी सांगितलं तेव्हा वडिलांचा विश्वास बसला नव्हता. करसवलत होती, ती २०११ पर्यंत चालली, सगळे श्रेय तिलाच देतात. मी त्या अँटेनाला देते.

आता परत अक्षरांकडे, कारण माझा जीव तिथे आहे.

१९८० च्या दशकात प्रश्न असा होता की कंप्युटरला मराठी, तमिळ, बंगाली समजावायची कशी. आयआयटी कानपूरला यावर काम झालं, मोहन तांबे यांचं नाव त्यात आवर्जून घ्यायला हवं, पुढे ते काम १९८८ साली पुण्यात निघालेल्या सी-डॅक या सरकारी कंप्युटर संशोधन संस्थेत आलं, तेच सी-डॅक ज्याने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला. परमची कीर्ती सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच संस्थेतल्या, भारतीय भाषांवर काम करणाऱ्या जिस्ट गटाची तेवढी नाही. खात्याने प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारा एक कोड ठरवला, इस्की. ० ते १२७ या जागा इंग्रजीच्या तशाच ठेवायच्या आणि वरच्या जागांमध्ये आपली अक्षरं. आणि त्यातली सुंदर कल्पना अशी की ब्राह्मीपासून आलेल्या सगळ्या लिप्यांना एकच कोड, क म्हणजे क, मग तो देवनागरीत दाखवा, तेलुगूत दाखवा, गुजरातीत दाखवा. आपली वर्णमाला उच्चाराच्या स्थानांवर रचलेली आहे, कंठ्य तालव्य मूर्धन्य, ती शाळेत घोकलेली गोष्ट इथे इंजिनियरिंग म्हणून कामाला आली. कीबोर्डही त्याच विचाराचा, एकच मांडणी सगळ्या लिप्यांना, ज्या बटणावर मराठीचा क त्याच बटणावर कन्नडचा क.

१९८८ ला इस्कीची सुधारलेली आवृत्ती आली, १९९१ ला भारतीय मानक झालं, आणि युनिकोडवाल्यांनी, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणवाल्यांनी, भारतीय लिप्या घेताना १९८८ ची इस्कीच पायाला धरली. म्हणून आजही युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीचा कप्पा वेगळा असला तरी कप्प्याच्या आत देवनागरीचा क आणि बंगालीचा क आणि तमिळचा क त्याच क्रमांकावर बसलेले आहेत. तुम्ही हे वाचताय ते प्रत्येक अक्षर त्या क्रमाने साठवलेलं आहे. आणि ऱ, जो हिंदीला लागत नाही, पण आपल्याला 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' लिहायला लागतोच, त्याला स्वतःची जागा मिळाली. आचार्याला आणि आचाऱ्याला यातला फरक टिकला.

हे प्रमाण नसतं तर काय झालं असतं ते मी बघितलंय. एका संस्थेच्या जुन्या अंकांच्या फाइल्स माझ्याकडे आल्या होत्या, बारा वर्षांचे अंक, सगळे डीटीपीच्या एका खाजगी फाँटमध्ये, त्या फाँटने अक्षरांचे तुकडे मनाला येईल तिथे बसवलेले. तो फाँट मिळेना आणि फाइल उघडली की नुसती चिन्हं. काना एकीकडे, अर्धा श दुसरीकडे. आम्ही छापील प्रती समोर ठेवून शेवटी परत टाइप केलं, दोन अंकांच्या छापील प्रतीच नव्हत्या, ते गेले. प्रमाण होतं, पण छपाईच्या बाजारात ते पाळलं गेलं नाही, आणि ते पाळायला लावणं जर कुठल्या खात्याचं काम असेल तर याच खात्याचं होतं. लायसन्सच्या बाबतीत एवढं कडक असलेलं खातं इथे मात्र सैल राहिलं, याचा मला राग आहे.

मोहालीचं लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स, चिप बनवायचा सरकारी कारखाना, १९८४ मध्ये अमेरिकन मायक्रोसिस्टिम्सकडून घेतलेल्या ५ मायक्रॉनच्या तंत्रावर उत्पादन सुरू झालं आणि तिथल्या लोकांनी ते पुढे नेत नेत बारीक केलं. तैवानची चिप बनवणारी टीएसएमसी निघाली १९८७ ला, आपल्यानंतर. मग १९८९ च्या फेब्रुवारीत मोहालीला आग लागली आणि कारखाना जळाला. परत उभा राहायला काही वर्षं गेली, आणि या धंद्यात काही वर्षं म्हणजे पिढ्या. मग १९९७ साली आपण माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरचा आयातकर शून्यावर आणायच्या जागतिक करारावर सही केली आणि जे थोडंफार हार्डवेअर इथे बनत होतं त्यालाही स्वस्त तयार माल भारी पडला. खातं १९९९ ला मंत्रालय झालं, नावं बदलत गेली. आता २०२१ च्या डिसेंबरमध्ये ७६,००० कोटींची सेमीकंडक्टरची योजना जाहीर झाली आणि मधली अनेक वर्षं अंतराळ खात्याकडे असलेली मोहालीची ती लॅब २०२२ मध्ये परत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे आली. मला मनापासून वाटतं की यावेळी ते व्हावं. फक्त कारखान्याला पैसे देताना शेजारी एक अँटेनासारखं काहीतरी, लहान कंपनीला वापरता येईल असं, चिप तपासायची सोय म्हणा, डिझाइनची महागडी साधनं म्हणा, तेही उभं राहू दे. या खात्याने जेव्हा जेव्हा सगळ्यांना वापरता येईल अशी एखादी गोष्ट बांधली, सीएमसी, ती सॅटेलाइटची लाइन, अक्षरांचा क्रम, तेव्हा तेव्हा ती टिकली.

एक मागणं आहे. खात्यात, सीएमसीत, ईसीआयएलमध्ये, जिस्टमध्ये सुरुवातीला काम केलेली माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, काका, आत्या तिथे असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या, कुठली फाइल कुठे अडली, कोण कुणाशी भांडलं, मशिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा खोलीत कोण होतं. आणि त्यात कीबोर्डच्या बैठकीची एखादी आठवण निघाली, ऱ ला जागा द्यायची ठरलं त्या दिवशीची, तर ती मला आधी पाठवा, मी भाचीला वाचून दाखवणार आहे.